कॅम्परव्हॅन घ्यायची तर दुपारसाठी घ्या

भाऊ, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. घर मनीषनगरला, तुम्ही दोघंही नोकरीवाले, मुलगी सातवीत, आई ७६ वर्षांच्या आणि गुडघ्यांनी बेजार. सलग आठ दिवसांची सुट्टी वर्षातून एकदा मिळाली तर मिळते, बाकी सारं शनिवार-रविवारवर. अशा घरानं जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन तिची कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, करावी का, की तो पांढरा हत्ती नुसता दारात उभा राहील? आणि घेतलीच, तर नागपूरहून एका-दोन दिवसांत न्यायची कुठे आणि रात्री लावायची कुठे?

माझं उत्तर घ्या असंच आहे. फक्त ती कशासाठी घेताय ते आधी मनात पक्कं करा. आम्ही नऊ वर्षं हे करतोय. चार वर्षं मारुतीची ईको होती, मागच्या जागेत काढता-घालता येणारी लाकडी खाट टाकलेली. आता पाच वर्षं ट्रॅव्हलर आहे. गाडीत मी एक वही ठेवते आणि प्रत्येक फेरीची तारीख, किलोमीटर, काय विसरलो ते लिहिते. ती वही चाळली तर दहातल्या सात फेऱ्यांना आम्ही रात्री घरच्या पलंगावर झोपलोय. लोक कॅम्परव्हॅन घेतात रात्रीसाठी, चांदण्यात झोपायचं म्हणून. आमच्या गाडीनं तिची किंमत वसूल केली ती दुपारी.

विदर्भातल्या सहलीचा घोटाळा दुपारीच होतो. सकाळी साडेसहाला निघालात, आठला रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या काठावर पोचलात, पाण्यावर धुकं, पक्षी, तर्री-पोहे, सगळं छान. साडेअकरा झाले की ऊन डोक्यावर येतं, आई सतरंजीवर अवघडून बसतात, मुलगी कंटाळते, आणि कुणीतरी म्हणतं, चला आता घरी. मग भर उन्हात परतीचा ५० किलोमीटरचा प्रवास. तलावाची खरी वेळ, संध्याकाळी साडेपाचची, हातची जाते. सावलीत उभ्या असलेल्या गाडीत आई आडव्या होऊ शकल्या, गरम वरण-भात मिळाला, दोन तास झोप झाली आणि चारला चहा झाला, की तोच दिवस पुरा वापरता येतो. हिवाळ्यात थंडीचा कडाका असतो तेव्हासुद्धा दुपारी बारा ते तीन या वेळात म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला निवाराच लागतो.

ताडोबाला हे सगळ्यात चांगलं कळतं. सकाळची सफारी दहाच्या सुमारास संपते, दुपारची दोन-अडीचला सुरू होते. मधले चार तास लोक गेटबाहेरच्या हॉटेलात प्लास्टिकच्या खुर्चीवर पेंगत काढतात, नाहीतर त्या चार तासांसाठी रिसॉर्टची खोली घेतात. आम्ही कोलारा गेटबाहेर गाडी लावतो, आंघोळ उरकतो, झोपतो, दुसऱ्या सफारीला ताजेतवाने जातो. आपली गाडी गाभ्यात, म्हणजे जंगलाच्या कोअर भागात, न्यायची नसतेच, तिथे जिप्सीच. मंगळवारी ताडोबाचा गाभा बंद असतो, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा बंद.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलते, कारण बायका ती चारचौघांत विचारत नाहीत. आमच्या घरी गाडीचा निर्णय संडासावरून झाला. सासूबाईंना मधुमेह, दर तासाला जावं लागायचं. त्यामुळे त्या घराबाहेर पडायच्या तेव्हा सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. पुढे पुढे त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. गाडीत २० लिटर टाकीचा सुटा संडास आला, त्याला पडदा आणि हाताला धरायला दांडी आली, आणि त्या चार वर्षांनी रामटेकला आल्या. गडावर गाडी जाते तिथपर्यंत आल्या, पायऱ्या चढल्या नाहीत, खालूनच हात जोडले. पण आल्या. तुमच्या आईंसाठी पलंगाच्या आधी संडास, दांडी आणि चढायची पायरी याच तीन गोष्टी बघा. टाकी घरी आणून आपल्याच संडासात ओतायची. वावरात, नाल्यात, तलावाकाठी कधीही नाही.

उन्हाचं गणित नीट समजून घ्या, कारण पत्र्याची गाडी म्हणजे भट्टीच. छताला आणि बाजूंना आतून किमान एक इंच जाडीचा इन्सुलेशनचा थर हवाच. नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते. म्हणजे सगळा मारा छतावर. पैसे थोडे असतील तर आधी छतावर घाला, कपाटं नंतर.

गाडी लावताना सकाळी दिसणाऱ्या सावलीला भुलू नका. नऊ वाजता झाडाच्या पश्चिमेला मस्त सावली असते, एक वाजेपर्यंत ती सरकते आणि तुम्ही तव्यावर. झाडाच्या पूर्वेला किंवा ईशान्येला लावा. सकाळी थोडं ऊन खाल, पण झोपेच्या वेळी सावली तुमच्यावर येईल. हिवाळ्यात गाडीचं तोंड पूर्वेला ठेवा, म्हणजे डावीकडचं सरकतं दार उत्तरेला येतं आणि दारात दिवसभर ऊन येत नाही. झाड आंब्याचं, चिंचेचं, कडुनिंबाचं चांगलं. लावण्याआधी मान वर करून फांद्या बघा. आग्या मोहोळ असेल तर तिथे थांबायचंच नाही, आणि चूल पेटवायची तर त्याहून नाही. धुरानं उठलेल्या मधमाश्यांपुढे कुणाचं काही चालत नाही.

एसीचा मोह टाळा. विजेचा हिशेब साधा आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे सव्वा युनिट वीज. आपल्या हवेत ४० लिटरचा १२ व्होल्टचा फ्रीज दिवसाला अर्धा युनिट खातो, ३० वॉटचा पंखा दहा तासांत ०.३ युनिट, दिवे आणि मोबाइल मिळून ०.१. एकूण ०.९, म्हणजे दिवस निघतो. एक टनाचा एसी हीच बॅटरी तास-दीड तासात रिकामी करतो. त्याऐवजी आपल्या नागपूरचा जुना उपाय वापरा, कूलर. एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते, की १२ व्होल्टचा छोटा कूलर ५०-६० वॉटमध्ये गाडी राहण्याजोगी करतो. समोरासमोर दार-खिडकी उघडी हवी आणि दुपारभराला दहा लिटर पाणी जास्तीचं हवं. वाळ्याची ताटी लावली तर वासानंच झोप येते. जुलैत मात्र तो काढून घरी ठेवा, दमट हवेत त्याचा उपयोग नाही.

सोलर पॅनलबद्दल सगळे विचारतात. महिनाभर फिरणाऱ्याला ते लागतं. तुम्हाला दिवसभर सावलीत उभं राहायचंय, आणि सावलीत छतावरचं पॅनल झोपतं. एका-दोन दिवसांच्या फेरीला शुक्रवारी रात्री घरच्या प्लगवर बॅटरी भरा आणि गाडी चालताना अल्टरनेटरवरून भरणारा ३० अँपिअरचा चार्जर बसवा. दीड तासाच्या रस्त्यात जवळजवळ अर्धी बॅटरी भरते.

हा चार्जर म्हणजे दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारं साधनही आहे, आणि ते मी अनुभवानं शिकले. ट्रॅव्हलर घेतली त्या हिवाळ्यात बोर धरणाजवळ मुक्काम होता. ज्या कारागिराकडून काम करून घेतलं त्यानं फ्रीज सरळ इंजिनच्या बॅटरीला जोडला होता. पहाटे चावी फिरवली तर नुसती टिकटिक. गाडीत सासूबाई, त्यांचं इन्सुलिन, आणि मोबाइलला रेंज नाही. शेजारच्या वावरातले एक काका ट्रॅक्टर घेऊन आले, त्यांच्या बॅटरीवरून गाडी सुरू करून दिली आणि वर चहा पाजला. तेव्हापासून फ्रीज कधी इंजिनच्या बॅटरीवर नाही, आणि जंप केबल कायम ड्रायव्हरच्या सीटखाली. काम कुणालाही द्या, पण वायरिंगचा नकाशा कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक वायरला फ्यूज आहे का ते स्वतः बघा.

पावसाळ्यात एकच नियम पाळा. डांबर, सिमेंट किंवा पक्का मुरूम सोडून चाक खाली घालायचं नाही. आपली कापसाची काळी माती वरून कोरडी दिसते आणि खाली लोण्यासारखी असते. तीन टनांची गाडी तिच्यात अशी बसते, की बैलजोडीलाही आवरत नाही. शंका असेल तर उतरा आणि टाच दाबून बघा. टाच रुतली तर गाडी रुतणारच. दोन लाकडी फळ्या आणि चार रिकामी पोती गाडीत असू द्या.

स्वयंपाकाला पाच किलोचा छोटा सिलिंडर पुरे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूला बाहेर उघडणारी जाळी हवी. मी तर शक्यतो स्टोव्ह दाराबाहेर घडीच्या टेबलावरच लावते. थंडीत कोळशाची शेगडी आत घेऊन दारं लावणं म्हणजे सरळ जिवाशी खेळ, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंडी वाजली तर रजाई वाढवा, आणि दोन खिडक्या बोटभर उघड्याच ठेवा.

कायद्याकडे येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलंय. म्हणून जुनी ट्रॅव्हलर विकत घेऊन सुताराकडे नेण्याआधी आरटीओत जाऊन, नोंदणी मोटर कॅराव्हॅन (कॅम्परव्हॅनचं कायद्यातलं नाव) म्हणून कशी होईल ते विचारा. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. त्याप्रमाणे मान्यता घेतलेल्याकडूनच काम करून घ्या आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडतो. चालत्या गाडीत नोंदणीतल्या सीटवर, पट्टा लावूनच बसायचं. आईंना कितीही झोप आली तरी पलंगावर नाही. एवढ्या भानगडीत पडायचं नसेल, तर आम्ही ईकोत केलं तसं करा. गाडीच्या अंगाला एकही भोक न पाडता, सामान म्हणून ठेवता आणि काढता येणारी खाट, पाण्याचे कॅन, सुटा संडास. दोघांना ते पुरतं. तुम्ही चौघं आहात म्हणून मी ट्रॅव्हलरकडे झुकते.

रात्रीच्या जागेबद्दल. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण आपल्याकडे आजही जागा मिळते ती विचारून. देवस्थानाच्या भक्तनिवासाचं आवार, ट्रकवाले थांबतात तो जागता ढाबा, ओळखीच्यांचं वावर, कृषी पर्यटनाचं शेत, हे आमचे मुक्काम. गावात थांबायचं तर पोलीस पाटलांना नाव आणि गाडी नंबर सांगून ठेवा. सांगितलं की लोक आपलं मानतात, न सांगता अंधारात परकी गाडी दिसली की साहजिकच शंका घेतात. जंगलाच्या हद्दीत, बफरच्या म्हणजे गाभ्याभोवतालच्या पट्ट्यातल्या रस्त्याकडेला, धरणाच्या भिंतीवर मुक्काम नाही. अंधार पडल्यावर बफरच्या गावात पायी फिरू नका. तिथे बिबट आणि साप दोन्ही आहेत. शहरातून निघताना परतीची वेळही ठरवा, जंगलातल्या रस्त्यावर सूर्य मावळायच्या आत बाहेर पडलेलं बरं.

कुठे न्यायची, तर पहिलं वर्ष नागपूरपासून दीड-दोन तासांच्या आत राहा. रामटेक, खिंडसी आणि वाटेवर मनसरचे वाकाटककालीन अवशेष, हा एक पूर्ण दिवस आहे. रामटेकला माकडांमुळे दार उघडं टाकू नका, आणि कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेत मोठी गाडी नेऊच नका. कुही तालुक्यातलं आंभोरा संध्याकाळसाठी. वैनगंगेचं एवढं मोठं पाणी आणि वरचा नवा केबलचा पूल, सूर्य उतरताना आमच्या घरातला एकही माणूस बोलत नाही. रात्र काढायची असेल तर पेंचचा सिल्लारीचा भाग. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. अमावस्येच्या जवळची थंडीतली रात्र निवडा, गाडीतले दिवे बंद करा, मुलीला वीस मिनिटं अंधारात डोळे सरावू द्या आणि मग वर बघायला सांगा.

थंडीत काटोलकडे ओळखीचं वावर असेल तर हुरडा, आंबिया बहाराची संत्री आणि गोवऱ्यांवरचे रोडगे-वांगे. यासाठी तर गाडीही निमित्तच. वांग्याच्या भाजीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, सढळ हातानं.

चिखलदरा एका दिवसात करू नका. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आणि परतवाड्यानंतर घाट, त्याला दोन रात्री द्या. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून न बसता खालच्या गिअरवर उतरा, जड गाडीचे ब्रेक तापले की पकडत नाहीत. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते, शक्यतो मधला वार साधा. लोणारला समृद्धी महामार्गावरून मेहकरला उतरून जाता येतं, तेही दोन दिवसांचं काम. समृद्धीवर चढण्याआधी टायर थंड असताना हवा तपासा आणि टायरचं वय बघा. बाजूवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. जुनी गाडी घेताना नक्षी भरपूर दिसते आणि टायर आठ वर्षांचा निघतो, असं होतं. सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर असा टायर फुटायला वेळ लागत नाही.

मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत आम्ही शक्यतो फेऱ्या उलट्या करतो, दुपारी थांबावंच लागलं तरच कूलर. पहाटे साडेचारला निघायचं, नाश्ता तळ्याकाठी, दहाला घरी. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गाडी बाहेर काढतच नाही.

आणि गाडी वापरली जाते की पडून राहते, हे ठरतं ती भरलेली आहे की नाही यावर. आमच्या गाडीत चादरी, तांदूळ-डाळ-मीठ-तिखट, चहा-साखर, दोन भांडी, टॉर्च, औषधांचा डबा, सगळं कायमचं वेगळं आहे, घरातून काही उचलायचं नाही. शनिवारी उठून २० लिटरचे दोन कॅन भरायचे, दूध-भाजी फ्रीजमध्ये टाकायची, की वीस मिनिटांत गाडी गेटबाहेर. परत आल्यावर संपलेलं त्याच रात्री भरायचं. हे जमलं नाही तेव्हा आमचेही दोन-दोन महिने एकही फेरी झाली नाही. माझी गाडी लिटरभर डिझेलमध्ये दहा किलोमीटर जाते. रामटेकची फेरी फिरण्यासकट ११-१२ लिटरमध्ये होते.

विकत घेण्याआधी एक दिवस साधी ट्रॅव्हलर भाड्यानं घ्या. आईंना घेऊन सेवाग्रामला जा, साधारण ७५ किलोमीटर, रस्ता चांगला. सकाळी बापूकुटी बघा, गांधीजी १९३६ पासून जिथे राहिले ती मातीची घरं आणि मोठी झाडं, आईंना आवडेल. दुपारी घरचा डबा गाडीतच खा, मागच्या सीटवर गादी टाकून त्यांना तासभर आडवं होऊ द्या. चारनंतर पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांच्या आश्रमात. त्या दिवशी आई किती वेळा चढल्या-उतरल्या, कशाला धरलं, कुठे अडलं ते लिहून ठेवा. दांडी किती उंचीवर लावायची आणि पायरी किती हवी ते त्याच कागदावरून कारागिराला सांगता येईल. सासूबाईंसाठी आम्ही शेवटी नऊ इंच उंचीचं रुंद लाकडी स्टूल केलं. त्याच्या पायांना जुन्या टायरचं रबर ठोकून घ्या, फरशीवर सरकत नाही.